सुटे भाग

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा मराठी घरात माळ्याचा पंधरवडा असतो. वर्षभर ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, तो माळा एकाएकी घराच्या मध्यभागी येऊन बसतो. स्टूल निघते, स्टुलावर घरातला सर्वांत उंच मनुष्य चढतो आणि खालून सर्वांत वडीलधारा मनुष्य त्याला सूचना देऊ लागतो. गेल्या वर्षीचा आकाशकंदील, चकलीचा जुना सोऱ्या, कुणाच्या तरी मुंजीतले ताम्हन असे एकेक उतरता उतरता शेवटी एक डबा उतरतो. तो प्रत्येक घरात असतो. त्यात बंद पडलेला रेडिओ, टेपरेकॉर्डरचे पोट, रिमोटची हाडे आणि तळाशी तारेचे पाय असलेले रंगीबेरंगी बारीक बारीक जीव पडलेले असतात. घरातले कुणीतरी विचारते, "हे काय आहे?" दुसरे कुणीतरी उत्तर देते, "असू दे, लागेल कधीतरी." प्रश्न एक, उत्तर भलतेच, पण तेवढ्यावर डबा पुन्हा वर जातो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत प्रश्न मिटतो.

यंदा मात्र तो प्रश्न मला नीट सोडवावा लागला. मी कॉलेजात मराठी शिकवते. कर्ता, कर्म, क्रियापद यांची ओळख पटवून देणे हा माझा व्यवसाय. कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही. तरीही श्रावणापासून नवरात्रापर्यंतचे माझे बहुतेक रविवार एका लोखंडी ट्रंकेसमोर मांडी घालून, भिंग हातात धरून गेले.

त्याचे असे झाले. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळी आटोपली की सर्वांनी जागा रिकाम्या करायच्या. तळमजल्यावर एक काका राहत. साठेक वर्षे रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करून त्यांनी संसार केला. गेल्या वर्षी ते गेले. मागे राहिल्या काकू आणि दोन ट्रंका. ट्रंकांत काय, तर आयुष्यभर जुन्या यंत्रांतून काढून ठेवलेले सुटे भाग. मुलगा परगावी. तो फोनवर म्हणाला, "आई, भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो." भंगारवाला आला. त्याने ट्रंक उघडली नाही. कडीला धरून जराशी उचलून पाहिली आणि किलोवर भाव सांगितला.

काकू रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वजन मलाही करता येतं हो. आत काय आहे ते सांगा नि मग न्या." ते त्याला सांगता येईना. मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुझा तो भाचा कसलासा डिप्लोमा करतोय ना? घेऊन ये त्याला. टाकायचंच असलं तरी काय टाकलं, ते मला कळू दे."

टाकायचे असले तरी काय टाकले ते कळू द्या! मला हे मागणे फार रास्त वाटले. माझा भाचा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो मल्टिमीटर घेऊन आला, मी भिंग आणि वही घेतली, आणि आमचे रविवार सुरू झाले.

अनोळखी भाग ओळखायचा कसा? बिऱ्हाडात नवा भाडेकरू आला की आळी त्याची ओळख जशी करून घेते, तसाच. आधी दारावरचे नाव वाचायचे, मग रूप न्याहाळायचे, मग त्याची ऊठबस कुणाशी आहे ते पाहायचे आणि सरतेशेवटी वागणूक कशी आहे ते आजमावायचे. या चारांतली एकच खूण धरून जो मत बनवतो तो फसतो, हे आळीला ठाऊक असते. ते या चिमुकल्या भाडेकरूंनाही लागू आहे.

नावापासून सुरुवात करू. सर्वांत साधा जीव म्हणजे रेझिस्टर, विजेला अडवणारा. त्याच्या अंगावर अक्षर नसते, रंगांचे पट्टे असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या रेडिओ बनवणाऱ्यांच्या संघटनेने ही रंगांची लिपी रूढ केली आणि आज ती सगळ्या जगाची झाली आहे. कॉलेजातली मुले ती कुणा 'बी. बी. रॉय' नावाच्या गृहस्थाच्या इंग्रजी सूत्रावरून पाठ करतात. पण भाच्याने रंगांचा क्रम सांगायला सुरुवात केली आणि मी त्याला थांबवले. तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. अरे, हे तर आपले शाळेतले 'तानापिहिनिपाजा'! त्यातला पारवा तेवढा गाळायचा. इंद्रधनुष्याच्या अलीकडे काळा ० आणि तपकिरी १, पलीकडे करडा ८ आणि पांढरा ९. झाली बाराखडी. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन आकडे, तिसरा म्हणजे त्यांच्यापुढे किती शून्ये द्यायची ते, आणि चौथा सोनेरी असेल तर सांगितलेल्या किमतीत शेकडा ५ इकडेतिकडे, रुपेरी असेल तर शेकडा १०. पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी: चार, सात आणि दोन शून्ये, म्हणजे ४७०० ओहम. मराठीच्या बाईंना आयुष्यात प्रथमच विजेचे एक वाक्य अडखळल्याशिवाय वाचता आले.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. सत्तेचाळीस पुन्हा पुन्हा येतो. तसेच एकोणचाळीस आणि छप्पन्न. पन्नास मात्र कुठेच नाही. हा काय हट्ट? भाच्याने खुलासा केला. शेकडा १० चा फरक चालणार असेल तर ४७ चा भाग ५१ च्या पुढेपर्यंत भरू शकतो, आणि ५६ चा ५० च्या जवळपास उतरू शकतो. मग मध्ये पन्नास हवेत कशाला? म्हणून १० ते १०० यांच्यामध्ये बाराच पायऱ्या ठेवल्या, प्रत्येक पायरी मागचीच्या सुमारे सव्वापट. वाचलेला आकडा या पायऱ्यांत बसत नसेल, तर एक तर आपण उलट्या बाजूने वाचत आहोत किंवा उष्णतेने रंग करपला आहे, असे समजावे. तांबडा आणि नारिंगी तापून तापून तपकिरी होतात. जुन्या पोथीत शाई विटते, तसेच हे.

ट्रान्झिस्टरांची आणि व्हॉल्व्हांची नावे तर मला थेट माझ्या विषयात घेऊन गेली. काकांच्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. युरोपी पद्धतीने त्यांना नाव देताना पहिले अक्षर आतली तार तापवायला किती वीज लागते ते सांगे: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. दुसरे अक्षर काम सांगे: 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारा दणकट गडी, 'झेड' म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावणारा. ईएल ८४, ईझेड ८० ही नावे नुसती नावे नाहीत, ते समास आहेत. विग्रह केला की अर्थ हाती येतो.

मग १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला. त्याला तापवायची तारच नव्हती. नाव ठेवणाऱ्यांनी काय केले? जुन्याच व्याकरणाला धरून पहिल्या अक्षराच्या जागी 'ओ' ठेवला, म्हणजे शून्य. तापवायला काही नको. ओसी ७१ हे त्या वेळचे गाजलेले नाव असेच झाले. एका पुडीत मला तो काळ्या रंगाचा काचेचा ट्रान्झिस्टर सापडला. जे त्याच्याजवळ नव्हते त्यावरूनच त्याचे नाव पडले होते, जसे आपण सवयीने 'बिनतारी' म्हणतो. पुढे व्याकरण बदलले. 'ए' म्हणजे जर्मेनियम, 'बी' म्हणजे सिलिकॉन. त्यामुळे एसी १२८ आणि बीसी ५४७ यांच्या आडनावावरूनच कूळ कळते. अमेरिकेची रीत निराळी. तिथे 'वन एन' म्हणजे डायोड आणि 'टू एन' म्हणजे बहुधा ट्रान्झिस्टर. जपानी नावे 'टू एस'ने सुरू होतात, पण अंगावर जागा कमी, म्हणून जपानी मंडळी ती दोन अक्षरे खाऊन टाकतात. नुसते 'सी १८१५' लिहिलेले दिसले तर ते मुळात 'टू एससी १८१५' असते. घरात 'बाळू' म्हटले जाणाऱ्याचे शाळेतले नाव निराळे असावे, तसा हा प्रकार.

पण नावावर विसंबणारा किती गोत्यात येतो पाहा. तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला एक काळा तुकडा निघाला. अंगावर ७८०५. भाचा म्हणाला, "हा ओळखीचा आहे, मावशी. काहीही द्या, हा ५ व्होल्टच देतो." बरोबर होते. दुसऱ्या रविवारी पुष्कळ पायांची एक आयसी निघाली. तिच्यावरही ७८०५! ती कशी काय? तर तिच्यावरचा तो आकडा नावाचा नव्हताच, जन्मतारखेचा होता. १९७८ सालचा पाचवा आठवडा. पुष्कळ कारखाने साल आणि आठवडा असे चार आकडे छापतात. खरे नाव वरच्या ओळीत, अर्धे पुसलेले. आकडा तोच, पण एका ठिकाणी ते नाव आणि दुसऱ्या ठिकाणी वय.

रूपाचेही तेच. तीन पाय आणि धातूची पाठ या एकाच वेषात ट्रान्झिस्टर येतो, नियामक येतो, पंख्याचा वेग बदलणारा ट्रायॅक येतो आणि जोडीने बांधलेले दोन डायोडही येतात. ७८०५ चा सख्खा भाऊ ७९०५. तो उणे ५ व्होल्ट देतो. दोघे शेजारी ठेवले तर आईलाही कळू नयेत इतके सारखे, पण पायांचा क्रम वेगळा. एकाचा पाय समजून दुसऱ्याला जोडला की धूर. बीसी ५४७ आणि सी १८१५ हे छोटे काळे अर्धवर्तुळाकार ट्रान्झिस्टर दिसायला जुळे, पण त्यांचेही पाय एका क्रमाने नाहीत. पट्ट्याचे तर विचारूच नका. उभ्या डब्यासारख्या मोठ्या कंडेन्सरवर जो पट्टा असतो तो उणे बाजू दाखवतो. टँटलमच्या चपट्या कंडेन्सरवर तसाच पट्टा असतो, तो अधिक बाजू दाखवतो. पहिल्यावरून दुसऱ्याचा अर्थ लावला तर तो फुटतो.

आणि म्हणून तिसरी खूण: शेजार. मला विचाराल तर चारांत मोठी तीच. एका निळ्या चकतीवर ४७१ असे लिहिले होते. कंडेन्सरच्या भाषेत ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० पिकोफॅरड. पण हीच चकती फ्यूजच्या लगेच मागे, घरातली वीज यंत्रात शिरते त्या उंबरठ्यावर बसलेली असेल, तर ती कंडेन्सर नव्हे. ती बहुधा दाब वाढला की स्वतःवर घेणारी पहारेकरीण. आणि तेव्हा ४७१ म्हणजे ४७० व्होल्ट. चकती जागेवर असती, तर प्रश्नच नव्हता. ती उपटून डब्यात टाकली की तिचा अर्धा अर्थ मागे त्या प्लेटवर राहतो. हिरव्या प्लेटवर प्रत्येक भागाशेजारी बारीक अक्षर छापलेले असते: 'आर' म्हणजे रेझिस्टर, 'सी' म्हणजे कंडेन्सर, 'क्यू' म्हणजे ट्रान्झिस्टर. भाग काढणारा भाग घेऊन जातो, अक्षर तिथेच सोडून जातो.

आम्हा भाषेच्या माणसांना हे दुखणे नवीन नाही. वेदांतल्या कठीण शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्तात फार पूर्वी ताकीद देऊन ठेवली आहे, की सुटा शब्द, त्याचे प्रकरण ठाऊक नसताना, उलगडायला बसू नये. मी दरवर्षी वर्गात हे सांगते. मुले लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यंदा भाच्याला ते ट्रंकेसमोर सांगितले, तर तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "यास्क कुठल्या कॉलेजात होते?"

शेजारावरून अर्थ उमलतो तो किती सुंदर, याचे एक उदाहरण देते. धातूच्या चपट्या डबीत बसवलेले क्रिस्टल नावाचे भाग निघाले. त्यांच्यावर नाव नसते. दर सेकंदाला ते किती वेळा थरथरतात तो आकडा असतो. एकावर ४.४३३६१९ असा विचित्र आकडा. तो रंगीत टीव्हीचा. भारतात रंगीत दूरदर्शन आले ते १९८२ साली, आणि आपण जी पद्धत घेतली तिच्यात रंगाचा संदेश याच कंपनावर स्वार होऊन येई. दुसरी नळी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिच्यावर काहीच नाही. भाच्याने ती घड्याळातली म्हणून ओळखली. ती सेकंदाला ३२७६८ वेळा थरथरते. हाच आकडा का? त्याची निमपट करा, पुन्हा निमपट करा. अशी पंधरा वेळा करा. उरतो १. म्हणजे एक सेकंद. घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकतो तो या पंधरा निमपटींनंतर. मी वहीत सगळी उतरंड मांडून पाहिली. काकूंनी चहा आणला, वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे असंच करत बसायचे. जेवण गार व्हायचं."

काकांना या शेजाराचे महत्त्व पुरते कळलेले होते. त्यांनी सुटा भाग सुटा ठेवलाच नव्हता. प्रत्येक भाग कागदाच्या पुडीत आणि पुडीवर शिसपेन्सिलीने लिहिलेले: 'शाळेचा अँप्लिफायर, १५ ऑगस्टला बसला.' 'वाण्याचा टेप, गाणे लांबते.' 'डॉक्टरीणबाई, उजवा स्पीकर मुका.' नंबर नाही, किंमत नाही. पण कुठल्या यंत्रातून आणि कुठल्या दुखण्यातून ते आहे. भाच्याला त्यावरूनच निम्मे भाग लागले. उरलेल्या पुड्यांचा कागद कसरीने खाल्ला होता. जिथे कागद शाबूत तिथे आमचा रविवार सोपा, जिथे कसर तिथे अवघड. दोन ट्रंकांतला फरक इतकाच होता.

चौथी खूण वागणूक. मल्टिमीटरच्या दोन सुया लावून विजेची एक चिमूट आतून सोडायची आणि काय होते ते पाहायचे. डायोड एका दिशेने वाट देतो, दुसऱ्या दिशेने देत नाही. वाट देताना तो थोडी जकात घेतो: सिलिकॉनचा असेल तर ०.६ ते ०.७ व्होल्ट, जर्मेनियमचा असेल तर ०.२ ते ०.३. नाव पुसले गेले तरी या जकातीवरून जात कळते. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांची सहा प्रकारे जोडी लावून पाहिली की दोनच जोड्या वाट देतात; त्या दोन्हींत जो पाय सामाईक, तो मधला मालक, बेस. नाव आणि रूप यांचा लवलेश नसताना नुसत्या वागण्यावरून मनुष्य ओळखावा, तशी ही परीक्षा.

आणि इथेच आम्हांला तो डबा सापडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर दोन शब्द: 'लावू नये.' आत तीस-बत्तीस मोठे ट्रान्झिस्टर, जाड धातूच्या टोपीचे, अँप्लिफायरमध्ये बसतात तसे. सगळे कोरे, चकचकीत. अंगावर नामांकित नंबर: टू एन ३०५५. भाच्याने एकेक तपासला. एकूण एक उत्तम. वागणूक निर्दोष! मग 'लावू नये' का?

डब्याच्या तळाशी उत्तर होते. त्यांतल्या एकाची टोपी काकांनी करवतीने कापून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी दुसऱ्या एका जुन्या ट्रान्झिस्टरची, तशीच कापलेली. जुन्याच्या पोटात हरभऱ्याच्या डाळीएवढा सिलिकॉनचा तुकडा. नव्याच्या पोटात तिळाएवढा. बाहेरून दोघे एक. मीटरची चिमूटभर वीज सोसायला तिळाएवढा तुकडा पुरतो, म्हणून परीक्षेत तो पास. पण लग्नाच्या वरातीत अँप्लिफायर मोठा केला की तो जळणार. भाच्याने स्पिरिटचा बोळा फिरवला, तर नंबरही हलक्या शाईसारखा निघून आला. कुणीतरी स्वस्त मालावर मोठे नाव छापून विकला होता, आणि काका तो पैसे मोजून घेऊन आले होते.

ते त्यांना सहज खपवता आले असते. दुरुस्ती केल्यावर महिना-दोन महिने यंत्र चालले असते, गिऱ्हाईक पुन्हा आले असते, पुन्हा पैसे. त्यांनी ते सगळे डब्यात घातले, पट्टी लावली आणि तोटा सोसून गप्प राहिले. काकूंना हे ठाऊक नव्हते. मी समजावून सांगितले तेव्हा त्या बराच वेळ ती दोन कापलेली पोटे हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षी दिवाळीला साडी घेतली नव्हती. म्हणाले, माल खराब निघाला. मला वाटलं, सबब आहे."

किलोच्या भावात हा डबा सर्वांत जड होता. भंगारवाल्याच्या लेखी सर्वांत मोलाचा तोच ठरला असता.

एक भाग मात्र आम्हा दोघांनाही लागेना. बोटभर लांबीची काचेची नळी, नंबर घासून गेलेला. काचेवरची छपाई बोट लागून लागून सहज पुसते. व्हॉल्व्ह हे उघड होते, पण कुठला? भाच्याने पाय मोजले, फोनमधली चित्रे ताडून पाहिली. काकूंनी ती नळी आडवी केली, काचेच्या अंगावरचा पांढुरका उभा पट्टा पाहिला आणि म्हणाल्या, "हा डोळा." आम्ही दोघे पाहतच राहिलो. "आमचं लग्न झालं तेव्हाच्या रेडिओत होता. स्टेशन नीट लागलं की हिरव्या दोन काड्या एकमेकींकडे सरकायच्या. दिवे गेलेले नसले तर मी दिवा लावायचीच नाही. त्याच्या उजेडात भाजी निवडता यायची." पुढे ताडून पाहिले, तर शब्दन् शब्द खरा. तो ईएम ८४, ज्याला मॅजिक आय म्हणत. नावातला 'एम' हाच डोळा. मीटर नाही, पुस्तक नाही. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी संध्याकाळी तो कसा वागत असे, एवढ्यावर काकूंनी त्याला ओळखले होते.

ट्रंकांचे काय झाले, हे वाचकांना सांगायला हवे. व्हॉल्व्ह आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता सहसा बनत नाहीत. जुने रेडिओ जिवंत ठेवणारे हौशी लोक ते शोधत असतात. त्यांतल्या एकाने ते यादी वाचून, एकेक हाताळून नेले आणि काकूंना योग्य मोल दिले. चालू काळात उपयोगी पडतील असे भाग भाच्याच्या प्रयोगशाळेत गेले. 'लावू नये' हा डबाही तिथेच गेला, कापलेल्या पोटांसकट. तो तिथे शिकवायला लावला आहे. बाकीचा खरोखरीचा कचरा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर दिला, कारण त्यात शिसे असते आणि फार जुन्या तेलकट कंडेन्सरांत त्याहून वाईट द्रव्येही असू शकतात. डोळा काकूंनी ठेवून घेतला.

आणि एक बरणी उरली. तिच्यात अकरा भाग आहेत. नाव नाही, शेजार नाही, मीटरला दाद नाही. कारखानदार पुष्कळदा आपलाच खासगी नंबर छापतात, कधी नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम नंबर खरवडून टाकतात. भाचा म्हणाला, अंदाजाने काहीतरी लिहू या. मी नको म्हटले. शब्दकोशात ज्या शब्दाचे मूळ सापडत नाही त्यापुढे 'व्युत्पत्ती अनिश्चित' असे लिहितात. ते कोशकाराचे अपयश नसते, ती पुढच्या माणसाशी राखलेली इमानदारी असते. बरणीवर आम्ही 'ओळख पटली नाही' अशी चिठ्ठी लावली.

आता तुमच्या माळ्याकडे येऊ. डबा खाली आलाच असेल, तर दोन गोष्टी करा. पहिली, उत्साहाच्या भरात काहीही उघडू नका. जुन्या टीव्हीची काच, मायक्रोवेव्हची पेटी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्या पोटातली वीज प्लग काढल्यावरही जागी राहू शकते. फ्लॅशचा एवढासा कंडेन्सर सुमारे ३०० व्होल्ट धरून बसतो. मायक्रोवेव्हचा तर दोन हजारांच्या घरात. ते काम जाणत्याचे. घरात कुणी जाणता असेल आणि भाग काढणार असेल, तर त्याला एवढे सांगा, की काढण्यापूर्वी जागेवरचा एक फोटो घे, आणि काढल्यावर कुठून काढला ते चिठ्ठीवर लिही.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. 'हे काय आहे?' हा प्रश्न घरात अजून ज्यांना विचारता येतो, त्यांना तो आजच विचारा, आणि 'लागेल कधीतरी' या उत्तरावर समाधान मानू नका. शिसपेन्सील घेऊन शेजारी बसा. वस्तू माळ्यावर वर्षानुवर्षे टिकतात. त्या ओळखणारे डोळे तेवढे टिकत नाहीत. आणि कागदाला कसर लागते, म्हणून चिठ्ठी शक्यतो दोनदा लिहा.